हादऱ्यांच्या हिवाळ्यातला नाताळ

24 डिसेंबर 2018, सोमवार. दिवस मावळायच्या सुमारास तुम्ही डहाणू रोड स्टेशनवर उतरता. सामान फारसे नाही. एक चादर, एक बॅटरी आणि पाड्यावरच्या पोरांसाठी घेतलेली केकची दोन पाकिटे. स्टेशनाबाहेर जीप उभी आहे. ड्रायव्हर माणसे मोजतो, आणखी दोघांना कोंबतो आणि निघतो. आत बाजार करून परतणाऱ्या बायका आहेत, कारखान्यातली पाळी संपवून घरी निघालेली पोरे आहेत. बोलणे सारखे चालू आहे, पण ज्याच्याविषयी ते चालले आहे त्याचे नाव कोणी घेत नाही.

"काल तुमच्याकडं किती वाजता झाला?"

"दीडला. मग परत पहाटे."

"आमच्याकडं आवाजच मोठा. फळीवरची भांडी खाली."

चारोटीला महामार्ग लागतो. अहमदाबादकडे जाणारे ट्रक शेजारून धडधडत जातात. एका ट्रकाने जीप थरथरते आणि बायका एकदम गप्प होतात. ट्रकच होता हे कळल्यावर हसतात, पण त्यातली एक हसत नाही. तिने मांडीवरच्या पोराला घट्ट धरले आहे आणि तिचे ओठ हलताहेत.

हे सहा आठवड्यांपासून चालू आहे. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, 11 नोव्हेंबरला पहिला लक्षात येण्यासारखा धक्का बसला, आणि त्यानंतर डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या धुंदलवाडीच्या आसपासच्या गावांना जमिनीने स्वस्थ झोपू दिलेले नाही. लातूरला 1993 साली झाले तसे एका पहाटेत सगळे संपवणारे हे संकट नाही. हे रोज थोडे थोडे येते. शास्त्रज्ञ याला भूकंपमालिका म्हणतात. मोठा मुख्य धक्का नसतो, लहान धक्के मात्र शेकड्यांनी येतात, आणि उगम जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवर असल्याने त्यांच्याबरोबर तोफ डागल्यासारखा आवाज येतो. नुकसान मोजायला गेले तर भिंतींना भेगा आणि सरकलेली कौले. झोपेचा पंचनामा कोणी करत नाही.

पाड्याचे नाव मी सांगत नाही. असे अनेक पाडे आहेत, तुम्ही यातल्या कोणत्याही एकावर उतरा. तिथली माणसे आणि आजची रात्र मी अशा पाड्यांवरून कल्पनेने उभी केली आहे. तारखा आणि हादऱ्यांची मालिका खरी आहे. भात कापून झाले आहे, झोडणी उरकली आहे, खळ्यावर पेंढ्याचे भारे रचले आहेत. घरे रिकामी आहेत. दारे उघडी, आत दिवा, आणि माणसे सगळी बाहेर. अंगणात बांबू रोवून वर निळे प्लास्टिक ताणले आहे आणि खाली पेंढा पसरून त्यावर गोधड्या टाकल्या आहेत. परवाच दत्तजयंतीची पौर्णिमा झाली, त्यामुळे थोड्या वेळाने मोठा चंद्र वर येईल. थंडी आहे. ज्या घरी तुम्ही उतरणार आहात तिथली आजी तुम्हाला बघून म्हणते, "आलास? बस. चहा पी. घरात जाऊ नको."

घर घरकुल योजनेतले आहे, विटांचे. उजव्या भिंतीत भेग आहे, बोट जाईल एवढी. शेजारी आजीच्या भावाचे जुने घर आहे, कारवीच्या कुडाचे, शेणामातीने सारवलेले. ते हलते आणि परत उभे राहते. पक्के घर मिळावे म्हणून किती वर्षे फॉर्म भरले, आणि आता त्याच पक्क्या घराची भीती वाटते. आजीचा मुलगा हे अगदी सरळ आवाजात सांगतो.

त्या कुडाच्या घरात आजीच्या या भावाचे, म्हाताऱ्या मामाचे, देव आहेत. वारल्यांचे जुने देव: हिरवा, वाघोबा, धरतरी. मामाने ते सोडले नाहीत. आजीचे घर दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झाले. तिसऱ्या घरावर कम्युनिस्टांचा लाल झेंडा आहे, तलासरी तालुक्यात तो अनेक घरांवर दिसतो. एरवी या तीन घरांत देवावरून, मतांवरून, बांधावरून कुरबुरी होतात. आज रात्री तिघांचेही पेंढ्याचे अंथरूण एकच आहे, कारण प्लास्टिक एकच मिळाले.

रात्री नऊच्या सुमारास धर्मशिक्षक सायकलवरून येतो. फादर एका रात्रीत किती पाड्यांना पुरणार? म्हणून पाड्यावरची प्रार्थना हा माणूस घेतो. तो शेती करतो, हंगाम संपला की वीटभट्टीवर जातो, आणि रविवारी गळ्यात क्रूस घालून बायबल वाचतो. पोरांनी गव्हाणी मांडली आहे. एरवी गव्हाणीसाठी पेंढा आणावा लागतो. यंदा बाळ येशूला वेगळा पेंढा नाही, ज्यावर माणसे झोपणार त्यातलाच मूठभर उचलून पोरांनी त्याच्याखाली घातला.

धर्मशिक्षक बॅटरीच्या उजेडात लूकच्या शुभवर्तमानातला जन्माचा भाग वाचतो. तुम्ही हा भाग आयुष्यभर ऐकला असेल किंवा कधीच ऐकला नसेल, आज तो निराळा ऐकू येईल. शिरगणतीसाठी पायपीट करायला लावलेले जोडपे. उतरायला जागा नाही. आणि बातमी सर्वांत आधी कोणाला? रात्री रानात उघड्यावर राहून कळप राखणाऱ्यांना. धर्मशिक्षक इथे थांबतो. प्रवचन करायची त्याला सवय नाही. तो इकडेतिकडे बघतो, प्लास्टिककडे बघतो आणि म्हणतो, "म्हणजे आपल्यासारखेच. भायेरच होते."

कोणीतरी हुंकार भरते. एवढेच त्या रात्रीचे प्रवचन.

मग प्रत्येकाने आपापली प्रार्थना मोठ्याने बोलायची. आजी बोलते ती प्रार्थना ऐकून तुम्ही दचकाल. ती आभार मानत नाही. ती भांडते. "देवा, पुरे कर आता. लेकरं झोपत नाहीत. सुनेला सातवा महिना आहे. तू काय बघतोस? तुला दिसत नाही का?" कोणी तिला गप्प करत नाही. सगळे शेवटी आमेन म्हणतात.

श्रद्धेतून मिळणाऱ्या दिलाशाविषयी आपल्याकडे एक फार उथळ समज आहे. श्रद्धाळू माणूस म्हणजे हात जोडून "देवाची इच्छा" म्हणणारा, तक्रार न करणारा, असे आपण धरून चालतो. बायबल उघडून बघितले तर हा समज पहिल्याच चाळणीत गळून जातो. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत: देवा, किती काळ, तू तोंड का लपवलेस, तू झोपलास का. ईयोब अध्यायामागून अध्याय देवाशी वाद घालतो आणि शेवटी देव त्याच्या बाजूने बोलतो, त्याला गुळगुळीत स्पष्टीकरणे देणाऱ्या मित्रांच्या बाजूने बोलत नाही. हबक्कूक संदेष्टा पहिल्याच अध्यायात फिर्याद मांडतो. वधस्तंभावरचा येशूसुद्धा विलापाच्याच एका स्तोत्राचे शब्द उच्चारतो. ख्रिस्ती प्रार्थनेत माणसाला रडायची, रागवायची, जाब विचारायची परवानगी आहे. आजीला हे कोणी शिकवले नाही. पण आज तिला जे बळ आले आहे ते याच परवानगीतून. भांडायला कोणीतरी आहे, आणि आपण भांडलो म्हणून तो उठून जाणार नाही, एवढी खात्री तिला पुरते.

आणि भूकंप? बायबल ज्या भूमीत लिहिले गेले ती भूमी हादरणारी आहे. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात काळ सांगताना भूकंपाच्या दोन वर्षे आधीचा असा हिशेब दिला आहे. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात असतात तेव्हा पाया हादरतो आणि दारे उघडतात. मत्तय सांगतो की येशूने प्राण सोडला तेव्हा भूमी कापली. आणि मग एलीयाची गोष्ट आहे, जी मला या पाड्यांवर सर्वांत जवळची वाटते. राणी जिवावर उठली म्हणून एलीया पळतो, रानातल्या एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो. पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो. मग पुढे होरेब डोंगरावर वादळ येते, भूकंप येतो, आग येते, आणि ग्रंथ स्पष्ट सांगतो की देव त्यांत नव्हता. त्यानंतर एक अगदी हळू आवाज येतो. हा भूकंप देवाने आपल्याला शिक्षा म्हणून पाठवला का, असे सून भीत भीत विचारते, तेव्हा कोणीतरी तिला ही गोष्ट सांगायला हवी.

साडेअकरा. आधी आवाज. जमिनीखालून गाडी गेल्यासारखा. कुत्री भुंकतात. मग पाठीखालचा पेंढा सरकतो. पोरे किंचाळतात. आजी तुमचे मनगट पकडते, आणि भुई तुम्हाला दुसऱ्याच सालात नेऊन टाकते.

स्टेशन तेच, डहाणू रोड, पण फलाट उघडा आहे आणि पाटी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची. साल 1900. विक्रम संवत 1956 चा हा दुष्काळ, म्हणून गुजरातेत याला छप्पनिया म्हणतात. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांतून माणसे उतरतात ती माणसांसारखी दिसत नाहीत. गुजरातमधून मुंबईकडे येणारी आगगाडीची वाट इथूनच जाते. या महिन्यांत पंडिता रमाबाईंनी आपली माणसे गुजरातेत पाठवली आहेत, भुकेल्या आणि बेवारस मुली शोधून केडगावच्या आपल्या मुक्तिसदनात आणण्यासाठी. शेकडो मुली तिथे पोचतील. गाडीच्या खिडकीत तुम्हाला अशीच एक मुलगी दिसते असे समजा. सात-आठ वर्षांची. ती बाहेर बघत नाही. हातातल्या भाकरीकडे बघते आहे, खात नाही, कारण संपली तर.

या मुलीला जिच्याकडे नेले जात आहे त्या बाईला ही भूक पुस्तकातून माहीत नाही. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. त्या आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी हिंडले. पुढे भाऊही गेला. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले आणि 1882 मध्ये ते पटकीने वारले. पदरात लेक मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्राने त्याबद्दल त्यांना बरेच सुनावले, आणि त्या वादाची सगळी वळणे मी इथे सांगत बसत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की त्यांची श्रद्धा सुखातून आलेली नव्हती. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. 1898 मध्ये केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. लेकीच्या रूपाने जे उरले होते तेही जुलै 1921 मध्ये गेले. मनोरमा गेली तेव्हा रमाबाई स्वतः खंगलेल्या होत्या, आणि बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले त्यांचे मराठी भाषांतर पुरे व्हायचे होते. त्यांनी ते काम संपवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. भाषांतर 1924 साली छापून निघाले.

लेक गेल्यावर नऊ महिन्यांच्या आत स्वतः मरणाऱ्या बाईने त्या दिवसांत मुद्रिते तपासली. दिलासा या शब्दाचा अर्थ मी या बाईकडून घेतो. दुःख हलके होत नाही. हाताला काम करण्याइतपत बळ येते.

याच रुळांवर वर बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, चर्च ऑफ द ब्रेदरन या अमेरिकन मंडळीचे विल्बर आणि मेरी स्टोव्हर 1890 च्या दशकात आलेले आहेत. तिथेही दुष्काळातली अनाथ मुले येऊन पडली आहेत. पुढच्या काही वर्षांत याच मंडळीचे काम डहाणूपर्यंत येईल, आणि मग डहाणू रोडला मिशनचे इस्पितळ चालेल. डॉ. बार्बरा निकी या अमेरिकन डॉक्टर बाई तिथे अनेक वर्षे काढतील. जंगलपट्टीतल्या बाळंतिणींना बैलगाडीतून आणायचे तर हे इस्पितळ गाठायचे, असे दिवस येतील. डहाणूच्या किल्ल्यावर त्याआधी दीड-दोनशे वर्षे पोर्तुगीज होते, 1739 मध्ये मराठ्यांनी त्यांना घालवले. त्यांच्याकडे मी तुम्हाला मुद्दामच नेत नाही. तोफेच्या आडोशाने आलेला क्रूस आणि औषधाची बाटली घेऊन आलेला क्रूस यांत फरक करायला माणसाला वेळ लागत नाही.

पुन्हा हादरा. या वेळी थोडाच थांबा आहे.

23 मे 1945. झरी गाव, त्या वेळचा उंबरगाव तालुका, आजचा तलासरी. हजारो वारली जमले आहेत. सावकार आणि जमीनदार फुकट राबवून घेतात, लग्नाला काढलेल्या कर्जापायी नवराबायको आयुष्यभर लग्नगडी म्हणून गुलाम होतात. आज इथे वेठ करायची नाही अशी शपथ घेतली जाते. या लढ्याचे पुढारी गोदावरी आणि शामराव परुळेकर इथे आहेत. झेंडा लाल आहे, आणि इथे क्रूस नाही, हे मी लपवणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलीस गोळीबार करतील आणि माणसे मरतील. गोदावरीबाई हे सगळे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहितील. तुम्ही सभेत मागे उभे राहा आणि माणसांचे चेहरे बघा. मान वर करायची सवय नसलेली माणसे मान वर करताहेत. निर्गमाच्या पुस्तकात मिसरच्या वीटभट्ट्यांवरून निघालेल्या लोकांची कथा आहे. मोशेने झरीची सभा बघितली असती तर त्याला ती ओळखीची वाटली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणखी एक हादरा, 1970 चे दशक संपत आले आहे. तलासरीत जेझुइट फादरांचे ज्ञानमाता सदन आहे. शाळा, वसतिगृह, पाड्यांवरून आलेली पोरे. पीटर डिमेलो नावाचा एक तरुण जेझुइट आदिवासींत काम करतो आहे. त्याला एक प्रश्न छळतो: पोराला शिकवायचे आणि त्याच्या बापाची जमीन जाताना बघायचे, हे कसे जमायचे? 1978 मध्ये डहाणूत कष्टकरी संघटना उभी राहते आणि पीटर डिमेलो पुढे प्रदीप प्रभू या नावाने महाराष्ट्राला ठाऊक होतात. जंगलजमिनीच्या हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेवर त्यांचे नाव आहे. त्यांनी निवडलेल्या वाटेवरून चर्चमध्ये, पक्षांत, गावांत कडाक्याचे वाद झाले. पण श्रद्धा म्हणजे अफू, माणसाला निजवून ठेवणारी, असे म्हणणाऱ्यांना डहाणूत येऊन या माणसाची गोष्ट समजून घ्यावी लागेल. कष्टी आणि भाराक्रांत माणसांना येशूने जवळ बोलावले, हे वाक्य त्याने मंडळीत बसून ऐकले आणि उठून जमिनीच्या नोंदींची कागदपत्रे वाचायला घेतली.

आजीने तुमचे मनगट सोडलेले नाही. तुम्ही परत 2018 च्या अंगणात आहात. धक्का काही सेकंदांचाच होता. एक कौल पडले, बाकी सगळे ठीक. सून रडते आहे. तिच्याभोवती चार बायका बसल्या आहेत, त्यांत लाल झेंड्याच्या घरातली बाईसुद्धा आहे. मामाने विडी पेटवली आहे. कोणीतरी गाणे सुरू करते. तारपा आणायला कोणीतरी पोराला पिटाळते. बारा वाजून गेल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग एकदम येते. "झाला ना नाताळ!" केकची पाकिटे फुटतात. मामालाही तुकडा मिळतो. तो खातो आणि म्हणतो, गोड आहे.

थोडी झोप काढा. कारण मला तुम्हाला अजून एका दिवशी न्यायचे आहे, आणि तो दिवस सोपा नाही.

1 फेब्रुवारी 2019, शुक्रवार. सकाळपासून धक्क्यांमागून धक्के. दुपारी दोन वाजून गेल्यावर 4.1 तीव्रतेचा. या मालिकेतला तोवरचा मोठा. माणसे पळत बाहेर येतात. दोन वर्षांची एक मुलगी पळताना पडते, डोक्याला मार लागतो आणि ती जाते. कोणाची, कोणत्या धर्माची, हे मी सांगत नाही, आणि तुम्ही विचारू नका. संध्याकाळी बातमी पाड्यावर पोचते तेव्हा आजी भांडत नाही. त्या दिवशी तिच्याकडे भांडणही नाही. ती जपमाळ घेऊन बसते आणि मणी ओढत राहते, तोंडातून शब्द फुटत नाहीत. या वेळी देव काय करत होता? माझ्याकडे उत्तर नाही आणि ज्याच्याकडे असेल त्याच्यापासून मी लांब राहीन. ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तोंड उघडल्यावर बिघडले.

त्यानंतरच्या दिवसांत तंबू येतात, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसे येतात, शाळा वर्गाबाहेर उघड्यावर भरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची यंत्रे गावोगाव बसतात. पावसाचे पाणी खोल मुरून खडकांतल्या जुन्या भेगांना हलवते, असे कारण काही अभ्यासक मांडतात. आजीचा मुलगा हे सगळे लक्ष देऊन ऐकतो. घराच्या भिंतींना भूकंपरोधक पट्टी कशी घालतात हे तो विचारून घेतो. प्रार्थना करणाऱ्याने भिंत मजबूत करू नये असे कुठे लिहिलेले नाही. रविवारी तो धर्मशिक्षकाबरोबर बसून पाड्यावरच्या घरांची यादी करतो, कोणाकडे ताडपत्री नाही, कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणाची बाळंतीण आहे. यादीत मामाचे घर आहे, लाल झेंड्याचे घर आहे. पोरांना ही यादी पाठ झाली आहे: धक्का बसला की तू मामाला बाहेर काढायचे, तू शेरडे सोडायची, तू आजीला.

मला या पट्ट्यातल्या श्रद्धेविषयी म्हणायचे आहे ते या यादीत आहे. रमाबाईंची मुद्रिते, डहाणूचे इस्पितळ, डिमेलोंची कागदपत्रे आणि वहीच्या फाटक्या पानावरची ही यादी, सगळे एकाच जातीचे आहे. घाबरलेला माणूस स्वतःपुरता आवळून बसतो. इथे प्रार्थनेने त्याची मूठ सैल होताना दिसते, आणि सैल झालेल्या हाताला शेजाऱ्याचा हात लागतो. हे बळ फक्त ख्रिस्ती माणसालाच मिळते असे मी म्हणत नाही. लाल झेंड्याच्या घरातली बाई त्या रात्री सुनेजवळ बसली होती, आणि मामाने आपल्या देवांपुढे दिवा लावला तो सगळ्यांसाठी होता. पण आजीला ते येशूकडून मिळाले, पेंढ्यावर जन्मलेल्या आणि उघड्यावर मेलेल्या येशूकडून, आणि तिच्या तोंडून हे ऐकताना ते खरे वाटते.

आता तुम्ही आजच्या तारखेला परत या. 2019 नंतरच्या वर्षांतही धक्के येत राहिले. ते कमी झाले, वाढले, पुन्हा कमी झाले. तालुक्यातल्या अनेक घरांच्या भिंती अजून तशाच विटांच्या आहेत. तुम्ही यंदा नाताळच्या सुट्टीत डहाणूला समुद्रासाठी आणि चिकूसाठी जाणार असाल, तर एक दिवस राखून ठेवा आणि चारोटीवरून तलासरीकडे वळा. पाड्यावर प्रार्थना असेल तर बाहेर बसून ऐका, कोणी अडवणार नाही. जाताना ताडपत्र्या घेऊन जा. जाड घ्या, स्वस्तातल्या एका हिवाळ्यात फाटतात.